शहाण्णव

"हे अजून पळतंच आहे का रे?" नानांनी विचारलं.

कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी वर सरकत होत्या. आदल्या दिवशी सकाळपासून सरकत होत्या. चहाचा कप हातात धरून नाना त्यांच्याकडे बघत उभे होते, फाटकाशी थांबून मालगाडीचे डबे बघावेत तसे.

"पळू द्या," लोकेश म्हणाला. "थांबलं तर काळजी करायची."

"आणि पोरीचा आकडा?"

"तो काय, कोपऱ्यात. पंच्याण्णव."

नानांनी मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला. मी पलंगाच्या कडेला बसून ऋचाकडे बघत होते. आकड्याकडे नाही, ऋचाकडे.

ऋचा तेव्हा पाच महिन्यांची होती. वेळेच्या खूप आधी जन्मलेली, फुप्फुसं कच्ची. दवाखान्यातून घरी पाठवलं ते ऑक्सिजनसकट. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं एक यंत्र दिवसरात्र घरघरत असायचं. त्याच्यापुढे पाण्याची बाटली, बाटलीतून निघालेली पारदर्शक नळी आणि नळीची दोन बारीक टोकं तिच्या नाकाशी. गालांवर चिकटपट्ट्या. तळपायाला एक लाल दिव्याचा सेन्सर बांधलेला, तिच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा. घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "नव्वदच्या खाली जाऊ देऊ नका. गेलाच तर लगेच नळी बघा, नाहीतर उचलून इकडे आणा. फुप्फुसं मोठी होतील हो, त्यांची भीती नाही. मेंदूला मधे कमी पडायला नको."

मेंदूला मधे कमी पडायला नको. हे वाक्य मी सकाळी उठले की आधी आठवायचे, मग चूळ भरायचे.

मोठा मॉनिटर भुसावळात भाड्याने मिळेना. लोकेशने कुठूनतरी नुसती डबी मिळवली. तिला स्वतःचा पडदा नव्हता, आवाज नव्हता; सेन्सरची वायर एका बाजूने आत आणि दुसरी वायर थेट कॉम्प्युटरला. बाकीचं त्याने स्वतः लिहिलं. पडद्यावर एकच मोठा हिरवा आकडा, खाली घड्याळ, आणि नव्वदच्या खाली गेलं की स्पीकरमधून भोंगा. तो इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा. हे त्याला जमणारं काम होतं, आणि त्या पाच महिन्यांत त्याला जमेल असं घरात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्याने ते जीव ओतून केलं होतं.

"पण हे दोन दिवस चाललंय काय?" नाना म्हणाले. "माझ्या मोबाइलमध्ये तर बटण दाबलं की नवीन येतं."

"तुमच्यात तयार येतं, नाना. बाकीचे लोक तयार पीठ आणतात. माझ्या मशीनवर धान्य येतं. दळायचं इथेच."

"म्हणजे गिरणीच बांधलीस घरात."

"गिरणीच. आणि आत्ता जातं बदलतोय."

"का? जुनं बिघडलं?"

लोकेशने माझ्याकडे पाहिलं. "हिच्यासाठी," तो म्हणाला. "भोंगा फक्त या खोलीत वाजतो, म्हणून ही या खोलीतून हलत नाही. तो हिच्या मोबाइलवर वाजायला हवा. त्याच्यासाठी जे लागतं ते जुन्या कंपायलरमधून निघत नाही. म्हणून नवा कंपायलर."

खरंच होतं. अंघोळीला जाताना मी दार उघडं ठेवायचे. जेवायचे ते पलंगावर ताट घेऊन. केस कधी विंचरले होते ते आठवत नव्हतं. आणि भोंग्यावर माझा विश्वास होता असंही नाही. मी तिचे ओठ बघायचे, नखं बघायची, श्वास घेताना बरगड्यांखाली पडणारा खड्डा बघायचे. आकडा वर असतानाही बघायचे. लोकेश चिडायचा. "यंत्र कशासाठी लावलंय मग? तूच यंत्र होऊन बसली आहेस."

"तो कंपायलर म्हणजे काय असतो?" नानांनी खुर्ची ओढली.

"माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा. सगळं त्याच्यातून जातं. हा पडदा, ते घड्याळ, ऋचाचा आकडा, सगळं. आणि गंमत म्हणजे नवा कंपायलरसुद्धा जुन्याकडूनच करून घ्यावा लागतो."

"विरजण!" नाना एकदम म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून घरात दही नाना लावायचे. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली असूनही त्या दह्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. "तुझे ते जंतू तुझ्या कॉलेजात," असं म्हणायचे.

"हां, विरजण," लोकेश हसला. फार दिवसांनी हसला.

"आणि नवं दही फसलं म्हणजे? वाटीभर विरजण पण संपवून बसलास, तर मग काय करशील भो?"

"एकदा बसलो होतो तसा. कॉलेजच्या मशीनवर. नवा चालतोय की नाही ते न बघताच जुना काढून टाकला. मशीन मुकं झालं. आता नाही करत. जुना तसाच ठेवायचा, शेजारी नवा. जुन्याने नवा बनवायचा, मग त्या नव्याकडून तोच पुन्हा बनवून घ्यायचा आणि दोन्ही सारखे निघतात का ताडून बघायचं. मग बाकीचं सगळं एकेक करून नव्याने दळायचं. सगळं चालतंय म्हटल्यावर मगच जुन्याचं बघू."

"बराबर आहे," नाना म्हणाले. "आमच्याकडे पण असंच. नवीन पंप सुरू केला तरी जुना तयार ठेवायचा."

नानांची सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. भिंतभर तबकड्या, प्रत्येक तबकडीत एक सुई, आणि समोर नाना. त्यांच्या बोलण्यात अजून ती भिंत यायची. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोरून जाताना ते त्याच्या काचेवर नखाने हलकी टिचकी मारायचे. सिलिंडरच्या रेग्युलेटरलाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "सुई अडकते गं कधीकधी. दिसायला सगळं ठीक दिसतं. टिचकी मारली की खरी असेल तर जागेवर राहते, खोटी असेल तर पडते."

दुपारी जेवणं झाल्यावर ओळी थांबल्या. लोकेश बराच वेळ काहीतरी टाइप करत होता, वाचत होता, पुन्हा टाइप करत होता. एकदा स्वतःशीच "छान" म्हणाला.

"आता मी ऋचाचा प्रोग्राम बंद करतोय," तो म्हणाला. "नव्या कंपायलरमधून काढतो आणि परत चालू करतो. तेवढा वेळ आकडा नसेल. तू बघ."

"मी बघतेच आहे."

हिरवा आकडा गेला. खोलीत नुसता कूलरचा आणि ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज उरला. मी ऋचावर वाकले. तिची छाती वर, खाली. वर, खाली. ओठ गुलाबी. पापण्यांवरची निळी शीर. मला आठवतं, तेव्हा मला अजिबात भीती वाटली नव्हती. तिच्याकडे बघत असताना मला भीती वाटायचीच नाही.

"आला," लोकेश म्हणाला.

शहाण्णव. मोठा, हिरवा, आधीपेक्षाही सुबक. खाली घड्याळाचे सेकंद पळत होते.

"आता मोबाइल बघ हं." त्याने काहीतरी दाबलं आणि माझ्या हातातला मोबाइल असा किंचाळला की नाना खुर्चीतून उठले.

"अरे हळू! पोर दचकेल!"

ऋचाने हात वर फेकले, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा झोपली. आम्ही तिघंही हसलो. दबक्या आवाजात, तोंडावर हात ठेवून हसलो. त्या घरात ते शेवटचं तसं हसणं.

लोकेश पलंगाशी आला. सेन्सर जरा काढून आकडा पडतो का बघावं म्हणून त्याने तिच्या पायाकडे हात नेला. तिने झोपेतच पाय आखडून घेतला. त्याने हात मागे घेतला.

"राहू दे. उठली की बघू," तो म्हणाला. मग चप्पल घालत म्हणाला, "बाटलीत घालायचं डिस्टिल्ड पाणी संपत आलंय. घेऊन येतो. आणि योगिता, तू आता आत जाऊन पड. मोबाइल उशाशी ठेव. काही झालं तर तो ओरडेल. ऐकलंस ना कसा ओरडतो ते?"

"मी इथेच पडते."

"इथे तू झोपणार नाहीस. दर मिनिटाला मान वर करशील."

"जा गं पोरी," नाना म्हणाले. त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरसमोर नीट सरळ मांडली, चष्मा पुसला. "मी बसतो ना. भोंगा आहे, मोबाइल आहे, मी आहे. अजून कोणाला बोलावू, कलेक्टरला?"

"नाना, तिच्याकडेही बघत राहा हं. ओठांकडे."

"बघतो. पण खरं सांगू? तिच्याकडे बघून मला काय कळणार? मला ती सारखीच दिसते, झोपलेली. आकडा मला कळतो. आकड्यावरून मी नजर हलवणार नाही, बस?"

मी आत गेले. मोबाइल कानाशी ठेवला आणि बिछान्यावर पडले. झोप लागली म्हणण्यापेक्षा कोणीतरी खाली ओढून नेलं म्हणावं, तशी गेले.

मोबाइल वाजला नाही. मला जाग आली ती दुधाने. ब्लाउज भिजला होता, छाती दगडासारखी झाली होती. अंगाला कळलं होतं की पाजायची वेळ होऊन गेली. मी पडल्यापडल्या कान दिला. कूलर. ऑक्सिजनचं यंत्र. ती रडली कशी नाही?

मी बाहेर आले. नाना तसेच बसले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर पडद्यावर. कंट्रोल रूममधल्या एखाद्या जुन्या फोटोसारखे. माझी चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले.

"गाढ झोपलीय," ते कुजबुजले. "आकडा हललासुद्धा नाही. एकदासुद्धा नाही."

मी पलंगाकडे पाहिलं.

शाई पुसलेल्या बोळ्यासारखे ओठ होते तिचे. गाल राखाडी. छाती हलत होती की नव्हती ते मला दिसलं नाही, कारण मी तोवर तिला उचललं होतं. मान मागे पडली. मी ओरडत होते, काय ओरडत होते माहीत नाही. नळी ओढली तर ती आली, सगळीच्या सगळी हातात आली. बाटलीच्या तोंडाशी निसटली होती. यंत्र आपलं घरघरत होतं, ऑक्सिजन खोलीभर देत होतं, फक्त तिला सोडून.

"अगं, पण शहाण्णव आहे!" नाना उभे राहिले. "योगिता, शहाण्णव आहे, बघ ना!"

मी नळी बाटलीवर दाबली, तिच्या पाठीवर चापट मारली, तळवे चोळले, तोंडाला तोंड लावून फुंकलं. त्या धडपडीत तिच्या पायाचा सेन्सर सुटला आणि वायरीला लोंबकळत राहिला. त्याचा लाल दिवा हवेत झुलत होता. कोणाच्याच पायाला नव्हता तो.

पडद्यावर शहाण्णव होतं.

नानांनी लोंबकळणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग ते पुढे झाले आणि काचेवर नखाने टिचकी मारली. एकदा. मग पुन्हा. आकडा हिरवागार होता आणि खाली सेकंद पळत होते.

शेजारच्या बेंडाळे काकांनी गाडी काढली. ऋचाने वाटेत एकदा श्वास ओढल्याचं मला जाणवलं, मग आणखी एकदा. नाना चपला न घालताच गाडीत बसले होते. दवाखान्यात लोकेश धावत आला तेव्हा त्याच्या हातात डिस्टिल्ड पाण्याचा कॅन होता. तो त्याने संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही.

तिला आत नेलं. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाई बाहेर आल्या. आवाज शांत होता त्यांचा.

"श्वास आहे. ठोके आहेत. आता मला एकच सांगा. किती वेळ ती तशी होती?"

मी लोकेशकडे पाहिलं.

"रेकॉर्ड आहे," लोकेश म्हणाला. "दर सेकंदाचं रेकॉर्ड ठेवतो माझा प्रोग्राम. आकडा कधी पडला ते त्यात..." तो तिथेच मोबाइलवर घरच्या मशीनमध्ये शिरला. त्याचा अंगठा वर सरकत राहिला, सरकत राहिला. मग थांबला.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"शहाण्णव," तो म्हणाला. "सगळं शहाण्णवच आहे. आत्तासुद्धा."

"आजोबा, तुम्ही होतात ना जवळ? अंदाजे? पाच मिनिटं? वीस?"

नाना अनवाणी पायांकडे बघत होते. "मी बघत होतो," ते म्हणाले. "मी पूर्ण वेळ बघत होतो, मॅडम. मी नजर हलवली नाही."

डॉक्टर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पाच आणि वीस यांच्यामध्ये आमचं सगळं आयुष्य होतं, आणि ते आता कोणालाच कधी कळणार नव्हतं.

लोकेशने मला ते नंतर सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात. ऋचा अजून आतच होती. तो एकदाच बोलला, त्यानंतर आजवर नाही.

"तो वाचतच नव्हता."

"कोण?"

"प्रोग्राम. चालू केल्यावर एकदा वाचलं, शहाण्णव. मग परत बघितलंच नाही. तेच दाखवत बसला."

"का?"

"माझ्या लिहिण्यात आधीपासून एक राहून गेलं होतं. हा आकडा बाहेरून बदलत असतो, दर वेळी नव्याने बघ, असं तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलंच नव्हतं. जुना कंपायलर न सांगता बघायचा. माझी चूक पोटात घालायचा. मला कळलंसुद्धा नाही कधी."

"आणि नवा?"

"नवा हुशार आहे. त्याने सगळं वाचलं आणि ठरवलं, इथे तर हा आकडा कोणीच बदलत नाही, मग कशाला परत परत बघायचं?" तो जिन्याच्या कठड्यावर अंगठ्याने काहीतरी पुसत होता. तिथे काहीच नव्हतं. "वेळ वाचवला त्याने, योगिता."

मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

"मी सगळं बरोबर केलं होतं," तो म्हणाला. "पायरी-पायरीने. काहीच मोडलं नाही. जुनासुद्धा अजून तिथेच आहे."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

ऋचाला आता आठवं वर्ष चालू आहे. फुप्फुसं मोठी झाली. ती दोन वर्षांची व्हायच्या आत ऑक्सिजन सुटला. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, त्यांची भीती नव्हतीच. मान अजून धरत नाही. उजव्या कुशीवर आवडतं, डाव्या कुशीवर रडते. मला ओळखते की नाही, हे मी कोणाला विचारत नाही. आम्ही जळगाव, नाशिक, पुणे केलं. प्रत्येक नवा डॉक्टर फाइल उघडतो, पानं उलटतो आणि मान वर करतो, आणि तो काय विचारणार ते आम्हाला आधीच माहीत असतं. लोकेश म्हणतो, "सांगता येत नाही." नाना त्याच्या आतच बाकावरून उठलेले असतात, पाणी प्यायच्या निमित्ताने.

लोकेशने ती गिरणी बंद केली. घरात आता तयार कॉम्प्युटर आहे, बटण दाबलं की नवीन येतं. आधीचा माळ्यावर आहे. त्यात तो जुना कंपायलर असेलच, त्याने काढला नव्हता.

नानांनी दही लावायचं सोडलं, ते मी लावते. भिंतीवरच्या घड्याळासमोरून ते आता सरळ निघून जातात. रेग्युलेटरलाही हात लावत नाहीत. पण दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की रोज एकच दिसतं. ऋचाच्या पलंगाशी त्यांची खुर्ची असते. चष्मा काढून ठेवलेला, चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेला. तिचा हात त्यांच्या तळव्यावर असतो. ते तिच्या हाताच्या पाठीवर नखाने हलकी टिचकी मारतात आणि थांबतात.

कधी तिचं बोट हलतं. बहुतेकदा हलत नाही. ते पुन्हा मारतात.